आठ मीटर खालची राजधानी

नोव्हेंबर २०२४ मधल्या एका शुक्रवारी रात्री चीनच्या हनान प्रांतातल्या एका रुंद रस्त्यावर लाखभर पोरंपोरी भाड्याच्या सायकली दामटत निघाली होती. सुरुवात झंगझौ शहरातून, मुक्काम पन्नासेक किलोमीटरवरच्या कायफंगला. याचं मूळ जून महिन्यातलं. झंगझौच्या कॉलेजातल्या चार मुली रात्री सायकली काढून कायफंगला गेल्या. कशासाठी, तर तिथले आत गरम रस्सा भरलेले वाफाळते मोमो खायला. ही गोष्ट सोशल मीडियावर पसरली आणि चारांचे लाख झाले. शेवटी रस्ता ठप्प झाला. सायकल कंपन्यांनी शहराबाहेर नेलेल्या सायकलींना आपोआप कुलूप लागेल अशी सोय केली आणि सरकारने तो रस्ता सायकलींना बंद करून टाकला.

हे व्हिडिओ तुम्ही पाहिलेही असतील. त्यात कायफंगचे दिवे दिसतात, खाण्याच्या गाड्या दिसतात, सायकलींचे ढीग दिसतात. रात्री घराबाहेर पडून पोटभर खाणं ही या शहराची हजार वर्षांपूर्वीची ख्याती होती, हे मात्र त्यात दिसत नाही. ज्या शहराची ही ख्याती, ते अजून तिथंच आहे. फक्त पोरांनी सायकली लावल्या त्या जमिनीच्या साधारण आठ मीटर खाली.

रात्री बाहेर फिरण्यात विशेष काय, असं वाटेल. पण त्याआधीच्या तांग घराण्याची राजधानी छांगआन बघा. शंभराहून जास्त मोहल्ले, प्रत्येकाला भोवती भिंत. अंधार पडायच्या सुमारास नगारे वाजायचे, मोहल्ल्यांची दारं बंद व्हायची आणि त्यानंतर मोठ्या रस्त्यावर सापडलेल्याला फटके बसायचे. बाजार दोनच, तेही ठरावीक वेळेत उघडणारे. भव्य शहर होतं, पण रात्री ते कुलपात असायचं. कायफंगमध्ये इ. स. ९६० मध्ये सुंग घराण्याची सत्ता आली आणि ९६५ मध्ये पहिल्या सुंग सम्राटाने हुकूम काढला की राजधानीतला रात्रीचा बाजार मध्यरात्रीपर्यंत अडवू नये. मोहल्ल्यांच्या भिंती तशाही ढासळत चालल्या होत्या; दुकानदारांनी थेट रस्त्याकडे तोंड करून दुकानं थाटली होती. सरकारने फक्त जे होतंय त्याला मान डोलावली. मला तरी ही मान डोलावणं चिनी इतिहासातल्या कित्येक लढायांपेक्षा मोठी घटना वाटते.

पण राजधानी कायफंगलाच का? नकाशा उघडून बघा. जुन्या राजधान्या, म्हणजे छांगआन आणि लुओयांग, डोंगर आणि खिंडी यांच्या आडोशाने वसलेल्या. कायफंगच्या भोवती तळहातासारखं सपाट मैदान. उत्तरेकडून घोडदळ आलं तर अडवायला टेकाडसुद्धा नाही. कायफंगकडे होता तो बियान कालवा. दक्षिणेतला भातपिकाचा मुलूख या कालव्याने राजधानीला जोडलेला होता. चांगल्या वर्षी ६० लाख शी धान्य या वाटेने यायचं (एक शी म्हणजे साठेक लिटरचं माप). शहरात दहा लाखांच्या आसपास माणसं. ती या होड्यांवर जगत होती. थोडक्यात, ही राजधानी पोट बघून निवडलेली होती, पाठ बघून नाही.

हे त्या पहिल्या सम्राटाला, झाओ क्वांगयिनला, स्वच्छ दिसत होतं. तो मुळात सेनापती. ९७६ मध्ये तो लुओयांगला गेला आणि राजधानी इकडे हलवू या म्हणाला. दरबारी हबकले. धाकट्या भावाने युक्तिवाद केला की राज्य टिकतं ते राजाच्या सदाचरणाने, डोंगरकड्यांनी नव्हे. ऐकायला सुंदर, पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं: धान्य कायफंगपर्यंत येतं, पुढे वाहून न्यायचं कोणी? सम्राटाने माघार घेतली, पण घेताना असं म्हणाल्याची नोंद आहे की शंभर वर्षांच्या आत प्रजेची ताकद संपलेली असेल. त्याचं गणित सरळ होतं. डोंगर नाहीत म्हणून भिंत माणसांची बांधायची, म्हणजे लाखोंची फौज राजधानीजवळ पोसायची. फौजेला धान्य हवं, धान्याला कालवा हवा, आणि कालव्यासाठी राजधानी मैदानातच हवी. त्याच वर्षाच्या अखेरीस तो वारला आणि तोच भाऊ गादीवर बसला. राजधानी जिथली तिथं राहिली.

पुढची दीडशे वर्षं मात्र भाऊच बरोबर ठरतोय असं वाटत राहिलं. ते शहर कसं होतं हे आपल्याला कळतं मुख्यतः एका माणसामुळे. मंग युआनलाओ नावाचा हा गृहस्थ ११०३ मध्ये वडिलांबरोबर राजधानीत आला, तिथंच वाढला, आणि शहर पडल्यावर दक्षिणेला पळाला. तिथं म्हातारपणी त्याने आठवून आठवून एक पुस्तक लिहिलं. त्याची प्रस्तावना ११४७ सालची आहे. नावाचा अर्थ साधारण 'पूर्व राजधानीच्या वैभवाचं स्वप्न' असा. राजकारण त्यात जवळपास नाही. गल्ल्या आहेत, दुकानं आहेत, सण आहेत, आणि खाणं तर पानोपानी आहे. बहात्तर बडी मद्यगृहं, आणि छोट्यांची गणतीच नाही. बाजारातले कष्टकरी घरी चूल न पेटवता दुकानातूनच जेवण आणत. वाढपी डाव्या हातात तीन वाडगे आणि उजव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत वीसेक वाडगे रचून टेबलांमधून पळत. कोणाला काय हवंय ते सगळं तोंडपाठ. चूक झाली आणि गिऱ्हाईक मालकाकडे गेलं, तर शिव्या, पगारकपात, नाहीतर नारळ.

सगळ्यात नावाजलेलं मद्यगृह होतं फानलौ. तीन मजल्यांच्या पाच इमारती, एकमेकींना अधांतरी पुलांनी जोडलेल्या. पुढे त्यातल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर जायला बंदी झाली. कारण, तिथून राजवाड्याचं अंगण दिसायचं. सम्राटाच्या डोक्यावर बसून दारू पिता येते अशी राजधानी तोवर चीनमध्ये झाली नसावी. आणखी एका लेखकाने, एका बड्या मंत्र्याच्या मुलाने, नोंद केली आहे की घोडेबाजाराच्या रस्त्यावर रात्री इतके तेलाचे दिवे जळत की त्या भागात डास म्हणून नसत.

याच शहराचं म्हणून ओळखलं जाणारं एक चित्र आहे, झांग झदुआन या चित्रकाराचं. उंची २४.८ सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या पानापेक्षा थोडी कमी. लांबी मात्र पाच मीटरच्या वर. ते भिंतीवर टांगायचं नसतं. उजवीकडून उलगडत, डावीकडे गुंडाळत, हातभर तुकडा बघत पुढे जायचं. तुमच्या अंगठ्याला ही सवय आहेच. शेताच्या कडेने गाढवं येतात, मग नदी, मग कमानदार पूल, एकही खांब नसलेला. पुलाखाली एका मोठ्या होडीची डोलकाठी खाली करायची राहिली आहे, प्रवाह तिला पुलावर आपटवणार, आणि वरची गर्दी कठड्यावरून वाकून हातवारे करत सल्ले देते आहे. शेकडो माणसं आहेत चित्रात, आणि सम्राट त्यात नाही. २०१५ मध्ये बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयात ते मांडलं, तेव्हा दारं उघडल्याबरोबर लोक अक्षरशः धावत सुटायचे.

आपल्याकडचे लोकही या शहरात होते. ९८२ मध्ये सम्राटाने इथं बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरासाठी एक सरकारी संस्था काढली. तिथं नालंदाहून आलेले धर्मदेव, आजच्या स्वात खोऱ्याकडचे दानपाल असे भिक्षू काम करत होते, आणि स्थानिक मुलांना संस्कृत शिकवण्याची सोयही केली होती. बाहेर मोमोंच्या वाफा, आत विभक्ती आणि संधी.

शेवट आला तो एका रसिक माणसाच्या हातून. हुइझोंग हा सम्राट उत्तम चित्रकार, त्याच्या अक्षराची शैली आजही गिरवली जाते. राजधानीच्या ईशान्येला त्याने एक कृत्रिम डोंगर उभारला आणि त्यासाठी दक्षिणेतून विचित्र आकाराचे खडक होड्या भरभरून आणवले. ज्या कालव्याने धान्य यायचं, त्यातच आता दगड. खडक मोठा असला तर वाटेतले पूल पाडायचे. उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांच्या जिन राज्याशी त्याने आधी मैत्री केली, मग ती बिघडवली, आणि फौज चालून येतेय म्हटल्यावर घाईघाईने गादी मुलाच्या गळ्यात टाकली.

११२६ च्या हिवाळ्यात जिन फौजेने शहराला दुसऱ्यांदा वेढा घातला. तेव्हा त्या डोंगरावरची झाडं सरपणासाठी तोडली गेली, हरणं मारून सैनिकांना खाऊ घातली, आणि ते नवलाईचे खडक फोडून गोफणयंत्रातून शत्रूवर फेकले. त्यानंतर जे घडलं ते कादंबरीत लिहिलं तर संपादक काढायला लावेल. गुओ जिंग नावाच्या एका सैनिकाने सांगितलं की योग्य जन्मवेळेची ७,७७७ माणसं द्या, मंत्रबळाने शत्रू पळवून लावतो. दरबाराने ती दिली. जानेवारी ११२७ मध्ये त्याच्या सांगण्यावरून तटाचा दरवाजा उघडला, त्याची 'दैवी सेना' बाहेर पडून कापली गेली, तो स्वतः पसार झाला, आणि जिन सैनिक तटावर चढले. बाप आणि मुलगा असे दोन सम्राट, राण्या, राजकन्या, कारागीर, हजारो माणसं उत्तरेला नेली गेली. पाण्यावर चालणारं सु सोंगचं बारा मीटर उंच घड्याळ, त्या काळातलं जगातलं एक अजब यंत्र, तेही सुटं करून नेलं. नवीन जागी ते धड चाललं नाही.

इथवरची गोष्ट इतर राजधान्यांसारखीच. कायफंगची स्वतःची गोष्ट पुढे सुरू होते, आणि ती नदीची आहे.

शाळेच्या भूगोलात ह्वांग हो म्हणजे 'चीनचे अश्रू' असं आपण घोकलेलं असतं. नदी पिवळ्या मातीच्या पठारावरून येते, प्रचंड गाळ आणते, मैदानात वेग मंदावला की तो तळाशी बसतो. तळ वर येतो, म्हणून लोक बांध उंच करतात. गाळ पुन्हा बसतो, बांध पुन्हा उंच. असं करत करत नदी जमिनीच्या वरून वाहायला लागते. आज कायफंगपासून दहाएक किलोमीटरवर नदीचं पात्र शहराच्या जमिनीपेक्षा सात-आठ मीटर उंच आहे. बांध फुटला की पाणी शहरात पडतं, ओसरतं, आणि जाड थर मागे ठेवून जातं.

सुंग काळात मात्र ही नदी कायफंगच्या दारात नव्हती. ती बरीच उत्तरेकडून वाहायची. तिला इकडे कोणी आणलं? ११२८ च्या हिवाळ्यात, राजधानी पडल्यानंतर, सुंगांच्याच बाजूचा दू छोंग हा अधिकारी कायफंग सांभाळत होता. जिन फौज पुन्हा येतेय म्हणून त्याने उत्तरेकडचे बांध फोडून घेतले. फौज काही थांबली नाही. नदीने मात्र दिशा बदलली, ती दक्षिणेला ह्वाई नदीच्या खोऱ्यात शिरली, आणि पुढच्या काही पिढ्यांत सरकत सरकत कायफंगच्या उशाशी आली. उत्तरेकडचं तोंड तिने पुन्हा धरलं ते १८५५ मध्ये, सातशेहून जास्त वर्षांनी. एका हिवाळ्यातला एका माणसाचा निर्णय.

ही युक्ती त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. इ. स. पूर्व २२५ मध्ये याच जागेवर वेई राज्याची राजधानी दालियांग होती. छिन राज्याचा सेनापती वांग बन याने पाणी वळवून शहरावर सोडलं, तीन महिन्यांत मातीचे तट विरघळले आणि राजा शरण आला. इतिहासकार सिमा छियान पुढे तिथं गेला तेव्हा अवशेषच होते. म्हणजे सुंगांची राजधानीसुद्धा एका बुडालेल्या राजधानीच्या डोक्यावर उभी होती.

मधली शतकं भराभर ओलांडतो. जिनांनी कायफंग १२१४ मध्ये स्वतःची राजधानी केली आणि १२३३ मध्ये मंगोलांपुढे घालवली. मिंग काळात राजधानीचा मान गेला, पण सम्राटाचा पाचवा मुलगा झू सू इथं राजपुत्र म्हणून राहायला आला. त्याने जुन्या राजवाड्याच्या जागी वाडा बांधला आणि १४०६ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केलं: दुष्काळात काय खाऊन जगता येईल अशा ४१४ वनस्पती, चित्रांसह. बहात्तर मद्यगृहांच्या शहरात कोणते पाले उकळून पोटात घालता येतील याची यादी. त्याला पुढचं दिसलं असेल असं नाही, पण मला ही दोन पुस्तकं, मंगचं आणि याचं, नेहमी शेजारी शेजारी ठेवावीशी वाटतात.

कारण मग १६४२ आलं. मिंग सत्तेविरुद्ध उठलेला ली झिचेंग कायफंगवर तिसऱ्यांदा चालून आला होता. पहिल्या खेपेला इथल्याच बाणाने त्याचा एक डोळा गेला होता. या वेळी त्याने तट फोडायच्या भानगडीत न पडता नुसता वेढा घातला आणि वाट बघितली. उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत. शहरात धान्य संपलं, मग जनावरं, मग पालापाचोळा आणि चामडं, आणि त्यानंतरचं समकालीन नोंदींत आहे, ते इथं लिहवत नाही. ऑक्टोबरात बांध फुटला. मिंग अधिकाऱ्यांनी बंडखोरांच्या छावणीवर नदी सोडायचा घाट घातला होता. बंडखोरांनीही शहरावर ती सोडायचा प्रयत्न केला. कोणाच्या फावड्याने ते झालं यावर दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. पाणी मात्र शहरात आलं. राजपुत्र आणि बडे अधिकारी होड्यांतून निसटले. शहरात साडेतीन लाखांच्या वर माणसं होती असा अंदाज आहे; त्यातली बहुतेक वेढ्यात आणि पाण्यात मिळून गेली. शतकानुशतकं इथं राहणाऱ्या यहुद्यांचं मुळात ११६३ मध्ये उभारलेलं प्रार्थनामंदिरही वाहून गेलं. त्यांनी चिखलातून आपल्या पोथ्या शोधून काढल्या आणि वीसेक वर्षांनी मंदिर पुन्हा बांधलं. तेवढी वर्षं कायफंग जवळपास ओसाडच होतं.

आणि तरी शहर त्याच जागी परत आलं. चिंग काळात तट पुन्हा उभा राहिला, तो मिंग तटाच्या वर. १८४१ मध्ये नदी पुन्हा फुटली, या वेळी कोणी न फोडता, आणि कायफंग आठ महिने पाण्याच्या वेढ्यात राहिलं. लोकांनी घरं पाडून विटा तटाच्या भगदाडांत कोंबल्या, परीक्षागृहाच्यासुद्धा. अफूच्या प्रकरणात पदच्युत होऊन हद्दपारीला निघालेला लिन झशू याला वाटेतून इकडे वळवलं. त्याने महिनोन् महिने बांध बुजवण्यात मदत केली. मार्च १८४२ मध्ये तोंड बुजलं, आणि त्याला सांगितलं गेलं, आता हद्दपारीला निघा. परीक्षागृह मात्र पुन्हा बांधलं गेलं, आणि बीजिंगचं जळाल्यामुळे चीनच्या हजाराहून अधिक वर्षांच्या राजपरीक्षांमधल्या शेवटच्या दोन, १९०३ आणि १९०४ च्या, इथंच झाल्या.

१९३८ मध्ये जपानी फौजेने ६ जूनला कायफंग घेतलं. पुढे झंगझौ, आणि तिथं देशाच्या दोन मोठ्या रेल्वेमार्गांचा सांधा. ९ जूनला चांग कै-शेकच्या सैन्याने झंगझौजवळ ह्वायुआनकौ इथं बांध फोडला. जपानी थांबले, काही महिने. खालच्या तीन प्रांतांतल्या शेतकऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मेलेल्यांचे अंदाज चार लाखांपासून नऊ लाखांपर्यंत जातात. भगदाड बुजलं ते १९४७ मध्ये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते याच वर्षी, तीनच महिन्यांनी. ते ज्या युद्धात सेवा करायला गेले, त्या युद्धाचा हा एक भाग.

तेव्हा 'चीनचे अश्रू' हा शब्दप्रयोग मला अपुरा वाटतो. १८४१ चा पूर नदीचा होता. दालियांग, ११२८, १६४२, १९३८ या चारही वेळा फावडं माणसाच्या हातात होतं, आणि प्रत्येक वेळी ते हातात घेणाऱ्याकडे सबळ कारण होतं. दू छोंगला देश वाचवायचा होता. चांगलाही. बांधाच्या खालच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारण्याची पद्धत कधीच नव्हती.

१९५४ मध्ये हनान प्रांताची राजधानीही कायफंगकडून काढून झंगझौला दिली गेली. रेल्वे तिकडून जात होती. म्हणजे ज्या गावाहून पोरं सायकलवर येतात, ते गाव कायफंगच्या वाट्याचं वैभव घेऊनच मोठं झालेलं आहे.

कायफंगमध्ये आज जमिनीवर सुंग काळातलं फार थोडं दिसतं. तेरा मजली 'लोहमनोरा' आहे. लोखंडाचा नाही, तपकिरी चकाकीच्या विटांचा, १०४९ सालचा. त्याच्या जागी आधी लाकडी मनोरा होता. तो यू हाओ नावाच्या सुताराने मुद्दाम थोडा वायव्येकडे कललेला बांधला होता, कारण वारा तिकडून येतो, शंभर वर्षांत ढकलून सरळ करेल. पन्नासेक वर्षांत वीज पडून तो जळाला. विटांचा मात्र पूर, भूकंप आणि १९३८ चे जपानी तोफगोळे खाऊनही उभा आहे. फक्त त्याचा चौथरा आणि भोवतालचं तळं गाळाखाली गेलंय, त्यामुळे तो जमिनीतून थेट उगवल्यासारखा दिसतो.

बाकी सगळं खाली. १९८१ मध्ये शहरातल्या एका तलावाचा गाळ उपसताना झू सूच्या वंशजांचा वाडा लागला, आणि त्याच्याखाली सुंग-जिन काळातल्या राजवाड्याच्या खुणा. अभ्यासक एकाखाली एक अशी सहा शहरं मोजतात: वर चिंग, मग मिंग, जिन, सुंग, तांग, आणि सगळ्यात तळाशी दालियांग, बारा-चौदा मीटरवर. आश्चर्य असं की शहराचा मधला रस्ता हललेला नाही. आजच्या झोंगशान रस्त्याच्या बरोबर खाली सुंगांचा राजमार्ग आहे. पाणी ओसरल्यावर लोकांनी दरवेळी चिखलावर तीच रेघ ओढली.

त्या रस्त्यावर कालवा ओलांडणारा पूल होता, झौचिआओ. मंगच्या पुस्तकातला रात्रीचा बाजार इथूनच सुरू होतो. २०१८ पासून तिथं मोठं उत्खनन झालं. साडेचार मीटरवर पूल लागला, मिंग काळात डागडुजी केलेला. त्याच्या दोन्ही अंगांना, आणखी खाली, २०२२ मध्ये कालव्याच्या काठाच्या दगडी भिंती उघड्या पडल्या: तीन मीटरहून उंच, त्यांवर कोरलेले घोडे, करकोचे, ढग. धान्याच्या होड्या या भिंतींना घासून जात असणार. कालवा स्वतः गाळाने गच्च भरलेला. थर कापून उभ्या ठेवलेल्या भिंतीत बांगड्यांसारख्या रेघा दिसतात, पिवळी माती, काळी माती, विटांचा चुरा, पुन्हा पिवळी. शहरभर असं खणता येत नाही, कारण वर माणसं राहतात, आणि कारण कायफंगमध्ये थोडं खोल गेलं की खालून पाणी येतं. राजवाड्याचा बराचसा भाग अजून त्या तलावाखालीच आहे.